आधी खोट सांगायची

मिठाईचा डबा आत्याने टेबलावर ठेवला. ती झाकण काढणार तेवढ्यात अक्कल म्हणाली, "आत्या, राहू दे तो. नोकरी गेली."

"गेली? लागायच्या आधीच?" काकूंनी विचारलं.

"सकाळी मेल आला. पुढे जायचं नाही असं ठरवलंय म्हणे. पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. एवढंच."

या घरातल्या मोठ्या गोष्टी वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात कधी ठरल्या नाहीत. त्या खाली घरच्या दातांच्या लॅबमध्ये, कवळ्या बनवायच्या लांब टेबलाशी बसूनच ठरायच्या. घराची वाटणी याच टेबलाने पाहिली, आत्याचं लग्न पाहिलं, आणि काकांच्या मुलाने "दात बनवण्यापेक्षा दातांना काम देणं बरं" असं सांगून हॉटेलात शेफ व्हायचं जाहीर केलं तेही इथेच. आज लॅबची साप्ताहिक सुट्टी होती. बर्नर बंद, पॉलिशच्या मशीनवर फडकं टाकलेलं, आणि भिंतीच्या मांडणीवर गावातल्या निम्म्या लोकांचे प्लास्टरचे जबडे ओळीने बसलेले. या घरातल्या भांडणांना साक्षीदार कधी कमी पडले नाहीत.

अक्कल हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. घरातली सगळी मुलं मोठी झाल्यावर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना ती जन्मली, तेव्हा लॅब काढणाऱ्या आजोबांनी "ही आपली अक्कलदाढ" असं जाहीर करून टाकलं. पुढे दाढ गळाली आणि अक्कल राहिली. ती शिकायला परदेशी गेली तेव्हा "घरातली अक्कल बाहेर गेली" हा विनोद इतक्यांदा झाला की शेवटी काकूंनी त्यावर बंदी घातली.

शिक्षण तिचं दातांना लागणाऱ्या सिरॅमिकचं. ते चांगलं झालं. पदवी मिळाल्यावर तिकडेच राहून काम शोधायला परवाना मिळतो, तोही मिळाला, आणि त्यातला बराचसा काळ अर्ज करण्यात गेला. प्रत्येक मुलाखत छान व्हायची. मग शेवटी एक प्रश्न यायचा: तुमचा पुढचा परवाना मिळवायला कंपनीने हमी द्यावी लागेल का? ती हो म्हणायची, आणि समोरचा माणूस अत्यंत सभ्यपणे आपली वही मिटायचा. मधल्या काळात तिने गोदामात खोकी भरली, कॅफेत कप विसळले. तिच्या वर्गातली तिथलीच मुलं, अभ्यासात तिच्या मागे असलेली, कधीच कामाला लागली होती. याचा तिला राग यायचा, पण तो काढायचा कोणावर हे तिला कळत नसे.

एकच कंपनी अशी निघाली की हमीचं नाव काढल्यावर तिने तोंड फिरवलं नाही. दातांच्या कॅप बनवणारा मोठा कारखाना. तयार झालेला माल तपासायचा, त्यातली खोट शोधायची, हे काम. तिथल्या विभागप्रमुख बाईंनी तिला दिवसभर बेंचवर बसवून काम करून घेतलं आणि "आता फक्त संदर्भ तपासायचे राहिले, तुम्हाला ओळखणाऱ्यांना फोन करून विचारायचं" असं सांगितलं. त्या भरवशावर ती रुजू व्हायच्या आधी थोडे दिवस घरी आली होती. परवाना उन्हाळ्यात संपणार होता. हे काम नाही, तर दुसरं शोधायला वेळच उरत नव्हता. परतीचं तिकीट होतं, पण परत जायचं ते कशासाठी?

आत्या एका हॉस्पिटलात माणसं भरतीचं काम बघायची. रडारड होण्याआधी माहिती गोळा करायची, ही तिची सवय.

"बाईंना तुझं काम आवडलं होतं?"

"खूप. तसं बोलून दाखवलं त्यांनी."

"पगारावरून काही घासाघीस?"

"काहीच नाही."

"मग घोडं पेंड खातंय ते संदर्भांपाशी. कोणाकोणाचे दिले होतेस?"

"एक आमच्या प्राध्यापकांचा. दुसरा आधी जिथे काम केलं तिथला. म्हणजे इथला. काकांचा."

सगळ्यांच्या माना वळल्या. काका सुट्टीच्या दिवशीही अॅप्रन घालून बसले होते आणि बशीत चहा ओतत होते.

"हो, आला होता की फोन," ते प्रसन्नपणे म्हणाले. "मागच्या आठवड्यात. चांगली बाई आहे. बराच वेळ बोललो आम्ही. त्यांची भाषा मला कामापुरती येते म्हटल्यावर तिलाही बरं वाटलं."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"त्यात सांगायचं काय? दिवसभर फोनच घेत असतो मी."

"काय बोललास, दादा?"

"खरं ते."

बाकीच्यांना कळायला थोडा वेळ लागला. अक्कल या टेबलाशी चार वर्षं काम करून गेली होती, त्यामुळे तिला लगेच कळलं.

आजोबांचा नियम होता: कवळी डॉक्टरच्या हातात देताना आधी तिची खोट सांगायची. डाव्या बाजूला किंचित उंच आहे, रंग अर्धी छटा गडद आलाय, जे असेल ते. चांगलं काय आहे ते सांगायचं नाही. ते तोंडात बसल्यावर कळतंच. या एका नियमावर लॅबचं नाव झालं. अडचण अशी, की नियम लॅबमध्ये थांबला नाही, जिना चढून घरात आला. बाबांचं लग्न ठरत होतं तेव्हा आजोबांनी मुलीकडच्यांना पहिलं वाक्य सांगितलं ते "मुलगा आळशी आहे आणि घोरतो." आईच्या वडिलांनी तिथल्या तिथे होकार दिला, इतकी खरी माणसं परत मिळायची नाहीत म्हणून. त्यानंतर नियमावर शंका घ्यायची कुणाची छाती झाली नाही. या घरात कुणी कुणाचं तोंडावर कौतुक करत नसे, आणि पाठीमागे तर नाहीच.

"खरं म्हणजे नेमकं काय, काका?" अक्कलने विचारलं.

"हेच. हात सावकाश आहे. घाई केली की पॉलिश राहून जातं. रागावली की दिवस दिवस बोलत नाही. आणि एकदा एका आजींची कवळी दुसऱ्याच आजोबांच्या डब्यात घालून पाठवली होती, तेही सांगितलं."

"अरे देवा," काकू म्हणाल्या.

"अरे देवा काय? खोट शोधायचंच काम ना ते? मग खोट सांगितली तर बिघडलं कुठे?"

"आणि चांगलं काय सांगितलंस?" आत्याने विचारलं.

"ते त्यांना दिसेलच की. दिवसभर बसवलं होतं ना तिला बेंचवर?"

आत्याने डोळे मिटून घेतले. मग उघडले. "बरं. हे एवढं चालून जातं. विचित्र म्हातारा आहे म्हणून सोडून देतात. पण शेवटी एक प्रश्न असतो, दादा. आम्ही सगळेच विचारतो. उद्या ही व्यक्ती तुमच्याकडे परत आली तर तुम्ही तिला कामावर घ्याल का? बाकी सगळं एकीकडे आणि हे एक उत्तर एकीकडे. तो विचारला होता का तिने?"

काकांची बशी ओठांपाशी थांबली.

"विचारला होता."

"मग?"

"नाही म्हणालो."

*

आईने आयुष्यभर औषधांच्या दुकानात उभं राहून लोकांच्या डोकेदुख्या ऐकल्या होत्या. चढा आवाज तिला ठाऊक नव्हता. त्यामुळे ती उभी राहिली तेव्हा बाबा खुर्चीत आपोआप सरळ झाले.

"भाऊजी, तुम्ही नाही म्हणालात?"

"हो."

"माझी मुलगी तुमच्याकडे चार वर्षं काम करत होती. सकाळी तुमच्या आधी लॅब उघडायची. आणि तिला परत घ्याल का म्हणून कुणी विचारलं, तर तुम्ही नाही म्हणालात."

"अगं, दादाच्या मनात तसं काही..." बाबांनी सुरुवात केली.

"तुम्ही थांबा. तुम्ही नेहमी दादाच्या मनात काय नव्हतं तेच सांगता. होतं काय ते मी सांगते." आईने टेबलाची कड धरली. "ती गेल्यापासून तुम्ही त्या स्टुलावर दुसरं माणूस बसवलं नाहीत. स्वतःचा मुलगा शेफ झाला. उरली कोण? तुम्हाला ती इथेच हवी होती. तिकडचं दार बंद झालं की येईल आपोआप. सुंठीवाचून खोकला गेला."

"वहिनी," आत्या हळूच म्हणाली.

"नाही, वन्सं, बोलू द्या मला. ती तिकडे गोदामात खोकी उचलत होती तेव्हा इथे सगळे सांगायचे, होईल, होईल. एक माणूस निघाला तिला घेणारा. त्याला आपल्याच घरातून फोनवर सांगितलं गेलं की ही पोरगी कामाची नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता बोंब मारायची कुणाच्या नावाने?"

काका बशीतल्या चहाकडे बघत राहिले. तेच आईला सगळ्यात जास्त लागलं. त्यांनी निदान "तसं नाही" म्हणायला हवं होतं.

बाबा इतका वेळ भावाच्या शेजारच्या खुर्चीत होते. गेली तीस वर्षं या टेबलाशी ते तिथेच बसत आले होते. आता ते उठले. "नाही म्हणालास, दादा?" त्यांनी एकदा विचारलं, जणू मघाशी नीट ऐकू आलं नव्हतं. मग ते टेबलाला वळसा घालून गेले आणि बायकोच्या बाजूला जाऊन उभे राहिले. आईला तेवढ्या रागातही ते दिसलं. पण तिला त्याचं बरं वाटलं नाही. इतकी वर्षं मनातल्या मनात जे मागितलं, ते असल्या दिवशी मिळालं.

काकांनी बशी खाली ठेवली आणि मागच्या प्लास्टरच्या खोलीत निघून गेले.

*

प्लास्टरच्या खोलीत पोत्यांशिवाय बसायला काही नव्हतं. काका पोत्यावर बसले. सवयीने त्यांनी एक रबराची वाटी उचलली आणि आत वाळलेलं प्लास्टर अंगठ्याने खरवडून काढू लागले.

आपल्याला ती इथे हवी होती का? हवी होती. त्यात लपवण्यासारखं काय होतं? तिच्यासारखे दात बसवणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या वडिलांना जमायचं ते, पण वडिलांना लोकांचं बोलणं ऐकायचा कंटाळा होता. ही पेशंटचा जुना फोटो मागून घ्यायची. तरुणपणी पुढचे दोन दात जरा एकावर एक होते असं दिसलं, तर कवळीतही तसेच बसवायची. लोक आरशात बघून रडायचे. काकांनी यातलं एक अक्षर तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची पद्धत नव्हती.

दारात काकू आल्या. त्यांच्यामागे आत्या.

"अहो, सांगा आता," काकू म्हणाल्या.

"काय सांगू?"

"मला त्या दिवशी सांगितलंत ते. त्या फोननंतर तुम्ही जेवला नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणालात, आज एक दार लावून घेतलं. मला वाटलं लॅबचं म्हणताय."

काका वाटी खरवडत राहिले. "त्या बाईंनी आधी दुसरंच विचारलं होतं," ते शेवटी म्हणाले. "म्हणाल्या, आम्ही बाहेरच्या मुलांसाठी हमी देतो, दोन वर्षं शिकवतो, आणि ती घरची आठवण आली की उठून जातात. मागची एक अशीच गेली. तुमची तर घरचीच लॅब आहे. मग लगेच तो प्रश्न आला. परत आली तर घ्याल का? मला वाटलं, हो म्हणालो तर त्या म्हणतील, बघा, हिला जायला जागा तयारच आहे. म्हणून म्हटलं, नाही. परत आली तरी घेणार नाही. म्हणजे त्यांना भीती नको. आणि हिलाही परतीचा विचार नको."

आत्या भिंतीला टेकली. "दादा, तो प्रश्न त्यासाठी नसतो रे. त्याचा अर्थ, माणूस कामाचा आहे का. बस्स."

"मग सरळ तसं विचारायचं. माणूस कामाचा आहे का. मी सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंस?"

काकांनी बहिणीकडे पाहिलं आणि हात डोळ्यांकडे नेला. आत्याच्या मागे आई उभी होती, हातात काकांचा निवलेला चहा. तो नवा करून आणावा म्हणून ती निघाली होती की अजून चार शब्द सुनवायला, हे तिचं तिलाच माहीत. तिने सगळं ऐकलं होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "प्लास्टरच्या हाताने डोळे पुसू नका. झोंबतं."

*

अक्कल एकटी टेबलाशी बसली होती. बाबा शेजारी होते, पण बाबांच्या सोबतीला बोलणं लागत नसे.

तिला वाटलं होतं तितकं वाईट वाटत नव्हतं. हेच तिला अपराध्यासारखं करत होतं. सकाळी मेल वाचला तेव्हा पहिल्यांदा छातीत धस्स झालं, आणि त्याच्या मागोमाग, अगदी हळू, हुश्श झालं. आता अर्ज नकोत. आता कुणाला आपली किंमत पटवून द्यायची नाही. तिकडे गेल्या वर्षात तिने केलेलं खरं काम एकच होतं, ते म्हणजे काम मागणं. इथे समोर तिचं स्टूल होतं, तिची हत्यारं होती, आणि जबड्यांच्या रांगेत काही चेहरे, म्हणजे काही जबडे, तिच्या ओळखीचे होते.

सगळे परत आले. काकूंनी झाला प्रकार चार वाक्यांत सांगितला. काका ऐकत उभे होते, शाळेतून तक्रार घेऊन आलेल्या मुलासारखे. बाबा उठले, भावाकडे गेले, पण काय करावं ते न सुचून त्यांनी त्याच्या अॅप्रनवरचं प्लास्टर झटकलं.

"हात दाखवून अवलक्षण," काकू म्हणाल्या. "आता पुढे काय?"

"पुढे सरळ आहे," आत्या म्हणाली. "आत्ता तिकडे कामाचा दिवस आहे. बाईंना फोन लावायचा. माझ्या संदर्भदात्यांकडून चूक झाली, त्यांना एकदा बोलू द्या, म्हणायचं. ऐकतात माणसं. नाही ऐकलं तर आहे तिथेच आहोत."

"तिकडे असं कुणी करत नाही, आत्या."

"इकडेही कुणी करत नाही. अशी चूकही कुणी करत नाही."

अक्कलने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. "मी एक विचारू? मी गेलेच नाही तर? सगळे असे बघू नका. मी दमलेय. हे काम मिळालं तरी पुढच्या परवान्याला परत हेच. तिकडे मी कुणाला नको आहे असं नाही, पण हवीही नाही. इथे निदान..." ती काकांकडे वळली. "काका, त्यांना नाही म्हणालात ते राहू द्या. आता मी विचारते. मी परत आले तर घ्याल मला?"

आईला वाटलं, आता जर या माणसाने हो म्हटलं तर मुलगी जाणार नाही. आणि नाही म्हटलं तर ती या घरात परत पाऊल टाकणार नाही. दोन्हीपैकी आपल्याला काय हवंय हे तिला ठरवता येईना. मुलगी रोज डोळ्यांसमोर असावी, असं कोणत्या आईला वाटत नाही? पण इतकं शिकून, इतकं सोसून, केवळ दमली म्हणून परत यावं, हेही तिला पटत नव्हतं.

"आधी फोन लाव," काका म्हणाले.

"काका, मी काय विचारलं?"

"ऐकलं मी. आधी फोन लाव. मला माझी चूक निस्तरू दे. जायचं की नाही ते मग तुझं तू ठरव. पण माझ्या चुकीमुळे ठरवू नकोस."

अक्कलचा चेहरा पडला. ती उत्तर धरून चालली होती, आणि ते आलं नाही. तिने जरा रागानेच फोन उचलला.

तेवढ्या वेळात आत्याने काकांची तालीम घेतली. "नुसतं चांगलं बोलायचं. म्हण, तिचं काम उत्तम आहे."

"तिचं काम उत्तम आहे, पण..."

"पण नाही."

"पॉलिशचं निदान..."

"पॉलिशचं नाव काढायचं नाही, दादा!"

"तिचं काम उत्तम आहे," काका म्हणाले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. काकूंना हसू आवरेना. पालथ्या घड्यावर पाणी, त्या पुटपुटल्या.

बाई फोनवर आल्या. अक्कलने थोडक्यात सांगितलं. बाई म्हणाल्या, "हे जरा वेगळं आहे. पण ठीक आहे, द्या त्यांना."

अक्कलने फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. काका त्याच्यासमोर उभे राहिले, बसले नाहीत.

"मी मागे बोललो ते खोटं नव्हतं," ते म्हणाले. आत्याने कपाळाला हात लावला. "पण ते अर्धं होतं. आमच्याकडे खोट सांगायची पद्धत आहे, उरलेलं माल सांगतो. फोनवर माल नव्हता. म्हणून आता उरलेलं सांगतो. तिचा हात सावकाश आहे, कारण ती प्रत्येक दात तीनदा बघते. ती रागावते ते दुसऱ्याने काम बिघडवलं तर. ती कवळी चुकीच्या डब्यात गेली, तेव्हा ती स्वतः त्या आजोबांच्या घरी जाऊन माफी मागून आली. मी सांगितलं नव्हतं. तिने बसवलेले दात खोटे वाटत नाहीत. मी जन्मभर हेच काम करतोय, आणि मला ते तिच्याइतकं येत नाही. हे मी तिला कधी बोललो नाही. ती इथेच उभी आहे, तिने ऐकलं असेल."

अक्कल जबड्यांच्या मांडणीकडे बघत होती. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं.

"समजलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मघापेक्षा मऊ होता, पण त्या आपलं काम सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "मग एक प्रश्न मला परत विचारावा लागेल. उद्या ती तुमच्याकडे आली, तर तुम्ही तिला कामावर घ्याल?"

काकांनी कोणाकडेही पाहिलं नाही.

"हो," ते म्हणाले. "उद्या कशाला? आज घेईन. आत्ता. तिच्या स्टुलावर मी कुणाला बसवलेलं नाही."

"आणि तरी तुम्हाला वाटतं की मी तिला न्यावं?"

"हो."

बाईंनी मग काय जमेल ते सांगितलं. जागा अजून भरलेली नव्हती. वरच्या श्रेणीची जागा मात्र त्यांनी आता दुसऱ्या कुणाला द्यायचं कबूल केलं होतं. अक्कलला एक पायरी खालून सुरुवात करावी लागेल, पगार त्या मानाने कमी असेल. हमी कंपनी देईल. चालत असेल तर ठरल्या दिवशी रुजू व्हावं. चालेल का, ते त्यांनी तिलाच विचारलं.

टेबलाभोवती कुणी "हो म्हण" म्हणालं नाही. आत्यासुद्धा नाही. अक्कलने एकदा आईकडे पाहिलं. आईने मान हलवली नाही, नुसती तिच्याकडे बघत राहिली.

"चालेल," अक्कल म्हणाली. "येते मी."

फोन बंद झाला. मग एकदम सगळे बोलायला लागले. बाबा तिकिटाची तारीख विचारू लागले, काकू आत्याला म्हणाल्या की पायरी खाली तर खाली, दात कोरून पोट भरत नाही, नोकरी ती नोकरी. आई वर गेली. कपड्यांचं काय वाळलंय ते बघून येते म्हणाली, पण तिला बराच वेळ लागला.

काका प्लास्टरच्या खोलीकडे निघाले होते. अक्कलने त्यांना दारात गाठलं.

"ते बोललात ते नोकरी मिळावी म्हणून?"

"मी खोटं बोलतो का कधी?"

"मग मघाशी मी तुम्हाला हेच विचारलं होतं. सगळ्यांसमोर. तेव्हा का नाही सांगितलंत?"

काकांनी पुतणीकडे पाहिलं. तिच्याशी असं सरळ बघत बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या दोघांच्या मध्ये कायम कुणाचा तरी जबडा असायचा.

"तेव्हा हो म्हटलं असतं, तर तू फोन लावला असतास?"

अक्कलने खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"नाही," ती म्हणाली.